हडपसरची बीसीजी, लंडनच्या काचपट्ट्या आणि कुणी न बोलायचा कॅन्सर

हडपसरचं नाव कोविडच्या काळात जगभर गेलं ते कोविशिल्डमुळं. पण आपल्या सिरम इन्स्टिट्यूटमध्ये त्याच्या कितीतरी आधीपासून एक जुनी लस तयार होते. बीसीजी. क्षयाची लस. माझ्या वयाच्या बहुतेकांच्या डाव्या दंडावर तिचा गोल व्रण असतो, बाही वर करून बघा. याच लसीचा एक थोरला भाऊ सिरम बनवते, नाव 'ऑन्को-बीसीजी'. जंतू तोच, जिवंत पण दुबळा केलेला; मात्रा मात्र कितीतरी पट जास्त. तो दंडात टोचत नाहीत. मूत्राशयाच्या कॅन्सरच्या पेशंटला नळीतून थेट मूत्राशयात सोडतात. सिरमची ही बीसीजी कॅनडातल्या पेशंटपर्यंतसुद्धा जाते.

क्षयाच्या लसीनं कॅन्सरवर उपचार! पहिल्यांदा ऐकणाऱ्याला थाप वाटते. पण गंमत अशी की बीसीजी स्वतः कॅन्सरला फारसं काही करत नाही. ती तिथं जाऊन दंगा करते, आणि त्या दंग्यानं शरीरातल्या पांढऱ्या पेशी जाग्या होऊन तिथं धावतात. आल्या की त्यांना शेजारी बसलेला कॅन्सर दिसतो. मग त्या त्यालाही धरतात.

मागं मी याबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, तेव्हा एका वाचकानं विचारलं, "दादा, मग हेच आतड्याच्या कॅन्सरला का देत नाहीत?" त्याच्या घरात कुणीतरी गुदाशयाच्या कॅन्सरनं आजारी होतं. तेव्हा त्याला दोन वाक्यांत उत्तर दिलं, पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये माणूस जगणार की जाणार हे त्याच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीवर किती अवलंबून असतं, हे डॉक्टरांना कसं कळत गेलं, याचा इतिहास मोठा आहे, आणि तो आपल्या दारापर्यंत येतो. जरा लांब लिहितोय. चहा घेऊन बसा.

गुदाशय म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटचा, वीतभराहून थोडा कमी भाग. इथल्या आजाराबद्दल कुणी बोलत नाही. छातीचा, घशाचा, रक्ताचा कॅन्सर लोक सांगतात. हा झाला की "पोटाचं काहीतरी आहे" म्हणतात. जगात सगळीकडं असंच होतं. लंडनमध्ये १८३५ साली फ्रेडरिक सॅमन नावाच्या सर्जननं गरिबांच्या भगंदरासाठी सात खाटांचा दवाखाना काढला. मोठी हॉस्पिटलं असल्या आजाराकडं नाक मुरडायची म्हणून. कादंबरीकार चार्ल्स डिकन्सचं भगंदर याच सॅमननं कापलं होतं. तो दवाखाना पुढं सेंट मार्क्स हॉस्पिटल झाला, आणि गुदाशयाच्या कॅन्सरचं बरंचसं ज्ञान तिथूनच आलं.

तिथं १९२२ पासून कथबर्ट ड्यूक्स नावाचे पॅथॉलॉजिस्ट होते. पॅथॉलॉजिस्ट म्हणजे पेशंटला सहसा न दिसणारा डॉक्टर. ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा त्याच्याकडं जातो, तो त्याचे पातळ काप करून काचपट्टीवर ठेवतो, रंगवतो आणि मायक्रोस्कोपखाली बघतो. ड्यूक्सनी १९३२ साली गुदाशयाच्या कॅन्सरचे तीन टप्पे मांडले. ए म्हणजे आतड्याच्या भिंतीच्या आतच, बी म्हणजे भिंत फोडून बाहेर, सी म्हणजे आसपासच्या लसिकाग्रंथींत पोचलेला. आजही रिपोर्टवर पहिला, दुसरा, तिसरा स्टेज असं लिहून येतं, त्याचं मूळ इथं आहे.

ही मांडणी फार कामाची होती. पण तिच्यात एक गोष्ट बसेना. दोन माणसं, दोघंही सी टप्प्यातली, ऑपरेशन एकाच सर्जननं केलेलं. एक दोन वर्षांत गेला, दुसरा वीस वर्षांनी नातवंडं खेळवतोय. का? कॅन्सर किती पसरलाय हे मोजलं, पण ज्या शरीरात तो पसरतोय त्या शरीरानं काय केलं, हे कुणी मोजलंच नव्हतं.

तसं कुणाच्याच डोळ्याला पडलं नव्हतं असं नाही. अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये विल्यम मॅकार्टी नावाच्या पॅथॉलॉजिस्टनं १९२० च्या दशकाच्या सुरुवातीलाच जठराच्या कॅन्सरबद्दल लिहून ठेवलं होतं की गाठीत लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींची गर्दी असेल तर ऑपरेशननंतर पेशंट जास्त जगतो. त्याच्याही आधी, १८९१ मध्ये, न्यूयॉर्कचा सर्जन विल्यम कोली कॅन्सरच्या पेशंटना मुद्दाम जंतुसंसर्ग करून बघत होता. चेहऱ्यावर धावरं उठून भयंकर ताप आला आणि मानेची गाठ विरघळली, अशी एक केस त्याला जुन्या कागदपत्रांत सापडली होती. त्यानं जिवंत जंतू टोचले, नंतर मेलेल्या जंतूंचं औषध केलं. काही पेशंट बरे झाले, काहींना काहीच झालं नाही, काही जंतूंनीच गेले. कुणाला लागू पडेल हे आधी सांगता येईना. तोवर रेडिएशन आलं. त्यात मशीन असतं, मोजमाप असतं. कोलीचं नाव मागं पडलं.

आता १९८६ ला या. सेंट मार्क्समध्येच जेरेमी जॅस नावाच्या पॅथॉलॉजिस्टनं कपाटातल्या जुन्या काचपट्ट्या काढल्या. ऑपरेशन होऊन गेलेल्या, पुढं काय झालं याची नोंद असलेल्या चारशेहून जास्त पेशंटच्या. सगळे गुदाशयाचे. त्यांनी बघितलं काय, तर गाठीच्या काठावर, जिथं कॅन्सर चांगल्या भागात घुसत असतो तिथं, लिम्फोसाइट किती आहेत. आपल्याकडं गावाच्या वेशीवर गस्त घालायचे तसा हा प्रकार. काही पट्ट्यांवर वेशीवर दाट फळी उभी होती. काहींवर कुणीच नव्हतं, कॅन्सर बिनविरोध आत चालला होता. दाट फळी असलेले पेशंट जास्त जगलेले होते. पुढच्याच वर्षी जॅस आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये गुदाशयाच्या कॅन्सरची नवी वर्गवारी सुचवली. त्यात किती खोल गेलाय, किती ग्रंथींत गेलाय, त्याची कड कशी आहे, यांच्या जोडीला चौथी गोष्ट होती काठावरच्या लिम्फोसाइटची फळी.

मला या इतिहासातला हा सगळ्यात आवडता भाग वाटतो. नवं मशीन नाही, नवं औषध नाही. ज्या काचपट्ट्या कपाटात पडून होत्या त्यांच्याकडं एका माणसानं वेगळा प्रश्न घेऊन बघितलं. उत्तर तिथंच होतं.

पण ही वर्गवारी रुळली नाही. एक कारण साधं होतं. एका पॅथॉलॉजिस्टला जी फळी दाट वाटायची ती दुसऱ्याला मध्यम वाटायची. नजरेचा अंदाज, त्यात मतभेद आलेच. दुसरं कारण त्या काळच्या हवेत होतं. ऑस्ट्रेलियाच्या मॅकफार्लेन बर्नेट यांनी १९५७ च्या सुमाराला कल्पना मांडली होती की शरीर रोज तयार होणाऱ्या कॅन्सरच्या पेशी ओळखून मारत असतं. मग १९७४ मध्ये ओसियास स्टटमननी प्रतिकारशक्ती कमजोर असलेल्या केसहीन उंदरांवर प्रयोग केला, आणि त्या उंदरांना इतरांपेक्षा जास्त कॅन्सर झाला नाही. झालं, बर्नेटची कल्पना अडगळीत. त्या उंदरांची प्रतिकारशक्ती पुरती गेलेली नव्हती हे कळायला पुढं बरीच वर्षं गेली. नव्या शतकाच्या सुरुवातीला, जास्त पक्के प्रयोग झाल्यावर, ती कल्पना पुन्हा उभी राहिली.

या मधल्या काळात डॉक्टर गप्प बसले नव्हते. आता त्या वाचकाचा प्रश्न. आतड्याच्या कॅन्सरला बीसीजी देऊन बघितली का? बघितली. बीसीजी आणि कॅन्सरचा संबंध जुना आहे. अमेरिकेतल्या रेमंड पर्ल यांनी १९२९ मध्ये शवविच्छेदनाच्या नोंदी चाळताना क्षय झालेल्यांत कॅन्सर कमी दिसतो असं मांडलं होतं. लॉइड ओल्ड यांनी १९५९ मध्ये उंदरांत बीसीजीनं गाठींना आळा बसतो हे दाखवलं. कॅनडाच्या अल्वारो मोरालेस यांनी १९७६ मध्ये नऊ पेशंटच्या मूत्राशयात ती सोडून बघितली, आणि तिथून तो उपचार जगभर गेला. त्याच उत्साहात १९७७ पासून अमेरिकेत मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या हजारावर पेशंटवर एक चाचणी झाली. काहींना नुसतं ऑपरेशन, काहींना केमो, काहींना बीसीजी टोचून. निकाल १९८८ मध्ये आला तो चमत्कारिक. बीसीजीवाल्यांत मृत्यू थोडे कमी होते, पण कॅन्सर परत येण्यात काही फरक नव्हता. कमी झाले ते इतर आजारांनी होणारे मृत्यू! त्याचा अर्थ तेव्हा कुणाला लावता आला नाही.

मूत्राशयात चालली आणि आतड्यात का नाही? मूत्राशय ही पिशवी आहे. औषध आत सोडलं की कॅन्सरच्या अंगाला लागून तास-दोन तास राहतं. आतड्याच्या पेशंटला बीसीजी टोचली कातडीत. कॅन्सर कुठं, दंगा कुठं. शिवाय वरवरच्या कॅन्सरला जे जमतं ते भिंत फोडून गेलेल्याला जमेलच असं नाही. म्हणून दंडावरचा व्रण बघून कुणी निर्धास्त होऊ नये. लहानपणी घेतलेली बीसीजी कॅन्सरपासून वाचवत नाही.

दुसरा प्रयोग लेव्हामिसोलचा. शेळ्या-मेंढ्या पाळणाऱ्यांना हे नाव माहीत असेल, जंताचं औषध आहे. त्यानं प्रतिकारशक्ती जागी होते असं काही डॉक्टरांना वाटलं. मेयो क्लिनिकच्या चार्ल्स मोर्टेल यांनी मोठ्या आतड्याच्या तिसऱ्या टप्प्यातल्या पेशंटना ऑपरेशननंतर केमोच्या इंजेक्शनबरोबर लेव्हामिसोल दिलं, आणि १९९० मध्ये निकाल आला की मृत्यू बरेच कमी झाले. अमेरिकेत त्याच वर्षी मान्यता मिळाली. आणि कंपनीनं माणसांच्या गोळीची किंमत मेंढ्यांच्या औषधाच्या जवळपास शंभरपट लावली. खुद्द मोर्टेल चिडले, १९९२ मध्ये भर परिषदेत त्यांनी कंपनीला सुनावलं. ही बातमी तेव्हा अमेरिकी वर्तमानपत्रांत गाजली होती. पुढं आणखी मोठ्या चाचण्या झाल्या तेव्हा कळलं की काम करत होतं ते केमोचं इंजेक्शन, लेव्हामिसोलचा वाटा नव्हताच. उलट त्यानं काहींच्या पांढऱ्या पेशी धोकादायक इतक्या घटत होत्या. लेव्हामिसोल गेलं. औषधाच्या किमतीचा प्रश्न मात्र तिथंच राहिला, त्याकडं पुढं येतोच.

जॅसची फळी परत आली ती २००६ मध्ये, पॅरिसहून. जेरोम गालोन आणि त्यांच्या गटानं मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या गाठींत कुठल्या जातीच्या लिम्फोसाइट, किती आणि नेमक्या कुठं आहेत हे मोजलं. गाठीच्या मध्यात किती, काठावर किती. नजरेच्या अंदाजानं नाही, खास रंग देऊन, कॉम्प्युटरवर मोजून. पुढचं भाकीत करायला हा आकडा प्रचलित स्टेजिंगपेक्षा सरस ठरतो असं त्यांनी 'सायन्स'मध्ये छापलं. एकदम कुणी विश्वास ठेवला नाही, आणि ते बरोबरच होतं. मग भारतासह १३ देशांतल्या २,६८१ पेशंटच्या गाठी तपासल्या गेल्या, आणि २०१८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निकाल आला. पेशी जास्त असलेल्यांत कॅन्सर परत येण्याचं प्रमाण सगळ्यात कमी होतं. जॅस त्याच्या दहा वर्षं आधी वारले होते.

गुदाशयाच्या बाबतीत याला आणखी एक पदर आहे. इथं ऑपरेशनच्या आधी बरेचदा रेडिएशन आणि केमो देतात, गाठ आकसावी म्हणून. काहींची गाठ पुरती नाहीशी होते. ब्राझीलच्या साओ पावलोमध्ये अँजेलिता हाब्र-गामा या बाई सर्जन होत्या. त्यांनी विचारलं, गाठच उरली नाही तर कापायचं काय? २००४ मध्ये त्यांनी २६५ पेशंटचा अहवाल छापला. त्यातल्या ७१ जणांची गाठ दिसेनाशी झाली होती आणि त्यांचं ऑपरेशन न करता त्यांना नुसतं काटेकोर तपासणीत ठेवलं होतं. त्यातले बहुतेक ठीक राहिले. तेव्हा बड्या सर्जननी बाईंना वेड्यात काढलं. आज हा मार्ग निवडक पेशंटसाठी जगभर वापरतात. आणि रेडिएशनला कुणाची गाठ इतका चांगला प्रतिसाद देते? तर बायोप्सीच्या पहिल्या तुकड्यातच लिम्फोसाइट भरपूर होत्या, अशांची जास्त. रेडिएशन पेशी मारतं, मेलेल्या पेशी बघून फौज जागी होते. फौज आधीच हजर असेल तर काम लवकर होतं.

पोटावर कायमची पिशवी लागणार की नाही, हा प्रश्न इथं असतो. ज्याच्या घरात हे झालंय त्याला मी काय म्हणतोय ते कळेल. आमच्या भागातल्या एका हातगाडीवाल्यानं पिशवी लागणार म्हटल्यावर चार महिने हॉस्पिटलकडं पाठ फिरवली होती. मरणापेक्षा त्याला पिशवीची भीती जास्त वाटत होती.

मग लिम्फोसाइट असूनही कॅन्सर जिंकतो कसा? जपानमध्ये क्योतोला तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेत १९९२ मध्ये पांढऱ्या पेशींवरचं पीडी-१ नावाचं एक बटण सापडलं होतं. तो ब्रेक आहे. फौज आपल्याच घरादारावर तुटून पडू नये म्हणून निसर्गानं बसवलेला. कॅन्सर चलाख, तो हा ब्रेक दाबून ठेवतो. शिपाई वेशीवर उभे, पण हात बांधलेले. हा ब्रेक सोडवणारी औषधं निघाली, आणि होंजो आणि अमेरिकेचे जेम्स ॲलिसन यांना २०१८ चं नोबेल मिळालं.

सुरुवातीच्या चाचण्यांत ही औषधं आतड्याच्या कॅन्सरवर जवळजवळ नापास झाली. एक पेशंट सोडून. त्या एकट्याचा कॅन्सर पार गेला आणि परत आला नाही. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या डॉक्टरांनी त्या एकट्याला अपवाद म्हणून सोडून दिलं नाही, त्याची गाठ तपासली. तिच्यात पेशीची दुरुस्ती यंत्रणा बंद होती. पेशीची प्रत निघताना जनुकात अक्षरांच्या चुका होतात, त्या सुधारणारं एक प्रूफरीडर खातं असतं असं समजा. आम्हा पेपरवाल्यांना हे लगेच कळेल. ते खातं बंद पडलं की चुकाच चुका छापल्या जातात, विचित्र प्रथिनं तयार होतात, आणि लिम्फोसाइटना ती परकी म्हणून ओळखू येतात. म्हणून अशा गाठींत त्यांची गर्दी असते. २०१५ मध्ये अशा निवडक पेशंटवर चाचणी झाली आणि औषध लागू पडलं.

मग जून २०२२. न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंगमधल्या अँड्रिया सर्सेक आणि लुईस डियाझ यांनी गुदाशयाच्या दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यातल्या, दुरुस्ती यंत्रणा बंद असलेल्या पेशंटना डोस्टारलिमॅब नावाचं औषध दर तीन आठवड्यांनी, सहा महिने दिलं. उपचार पूर्ण झालेल्या पहिल्या बाराच्या बारा जणांची गाठ नाहीशी झाली. केमो नाही, रेडिएशन नाही, ऑपरेशन नाही, पिशवी नाही. २०२५ मध्ये पुढचा आकडा आला, गुदाशयाचे ४९ पैकी ४९. कॅन्सरच्या इतिहासात शंभर टक्के हा शब्द कुणी वापरत नाही, इथं वापरावा लागला.

आपल्याकडच्या चॅनेलांनी तेव्हा "कॅन्सरवर औषध सापडलं" अशा पट्ट्या चालवल्या. आम्हाला कितीतरी फोन आले. खरी गोष्ट अशी की गुदाशयाच्या कॅन्सरच्या शंभरातल्या पाच ते दहा पेशंटमध्येच ही दुरुस्ती यंत्रणा बंद असते. बाकीच्या नव्वदांवर हे औषध नुसतं दिलं तर जवळपास काहीच करत नाही. त्यांच्या गाठीत फौज पोचलेलीच नसते, तर ब्रेक सोडून काय होणार? आधी थोडं रेडिएशन देऊन फौज बोलवायची आणि मग ब्रेक सोडायचा, असे प्रयोग चीनमध्ये आणि इतरत्र चालू आहेत. त्यातून काही चांगलं दिसतंय, पण नव्वदांचा प्रश्न सुटलेला नाही.

आता आपल्याकडं या. आपल्या खेड्यापाड्यांत "टाटाला नेलंय" एवढं म्हटलं की आजाराचं नाव घ्यावं लागत नाही. ते टाटा मेमोरियल परळला २८ फेब्रुवारी १९४१ ला सुरू झालं. तिथले पहिले पॅथॉलॉजिस्ट डॉ. वसंत रामजी खानोलकर. त्यांनी आपल्या माणसांच्या सवयी आणि कॅन्सर यांचा संबंध शोधला, धोतराची गाठ वर्षानुवर्षं घासून कमरेला होणाऱ्या कॅन्सरबद्दलही लिहिलं. गुदाशयासह सगळ्या मोठ्या आतड्याच्या कॅन्सरबाबत याच टाटामधून २०१७ मध्ये ८०० पेशंटचा आढावा छापून आला. आपल्याकडं मोठ्या आतड्याचा कॅन्सर पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी, पण जो होतो त्यात गुदाशयाचा वाटा मोठा आणि पेशंट तरुण. सरासरी वय ४७ च्या आसपास. तिकडं हा साठी-सत्तरीचा आजार मानतात. आपल्याकडं तो कमावत्या माणसाला गाठतो, आणि तोही उशिरा, पसरल्यावर कळतो.

उशीर का होतो, याचं एक उत्तर रस्त्यावर दिसतं. गाडीतळापासून सोलापूर रोडनं नुसतं चालत जा आणि मूळव्याध-भगंदराच्या पाट्या मोजा. "ऑपरेशनशिवाय, एका दिवसात, गॅरंटीनं." माझ्या ओळखीचा एक भाजीचा व्यापारी, वय ४४. संडासातून रक्त जायचं. अशाच एका ठिकाणी त्याला चौदा महिने मूळव्याधीची पुडी आणि मलम दिलं. चौदा महिन्यांत एकदाही कुणी बोट घालून तपासलं नाही. गुदाशयाच्या कितीतरी गाठी बोटाला लागतात, एका मिनिटाचं काम. शेवटी रक्त इतकं कमी झालं की जिना चढताना धाप लागायला लागली, तेव्हा दुर्बिणीनं तपासणी झाली. तोवर लिव्हरमध्ये पोचला होता. मी त्या पुडीवाल्याकडं जाऊन आलो. तो म्हणाला, "पेशंटनं सांगितलं मूळव्याध, मी मूळव्याधीचं दिलं." छापायला पुरावा हातात नव्हता, कागद एकही नव्हता. व्यापाऱ्याची बायको आता गाळ्यावर बसते.

आणि दुसरं, प्रतिकारशक्ती वाढवण्याचा धंदा. कोविडनंतर तर प्रत्येक मेडिकलच्या काउंटरवर त्याच्या बाटल्या आहेत. काढे, गोळ्या, गव्हांकुर, गोमूत्र. वर सांगितलेला सगळा इतिहास वाचला तर लक्षात येईल की कॅन्सरमध्ये प्रश्न शक्ती 'वाढवण्याचा' नाहीच. कुठली पेशी, कुठं आहे, तिचा ब्रेक कुणी धरलाय, असा तो प्रश्न आहे. आणि खरा ब्रेक सोडला की फौज कधी कधी थायरॉईडवर, फुप्फुसावर, धडधाकट आतड्यावरही चालून जाते. म्हणून ही औषधं डॉक्टरच्या नजरेखालीच द्यावी लागतात. बाटलीत ती ताकद असती तर तिचे तसे दुष्परिणामही दिसले असते.

तर विचारायचं काय? बायोप्सीत गुदाशयाचा कॅन्सर आला तर त्याच तुकड्यावर दुरुस्ती यंत्रणेची, एमएमआर नावाची तपासणी होते. चार प्रथिनं बघतात. पुन्हा सुई नाही, पुन्हा तुकडा नाही. खर्च काही हजारांत. उपचार सुरू होण्याआधी डॉक्टरांना विचारा, "एमएमआर केलंय का?" ही यंत्रणा कधी कधी जन्मापासूनच अधू असते, घराण्यात चालत आलेली. त्याला लिंच सिंड्रोम म्हणतात. तसं निघालं तर भावंडांची, मुलांचीही तपासणी लागते, आणि दुर्बिणीनं वेळेवर बघितलं तर त्यांचा कॅन्सर व्हायच्या आधीच थांबवता येतो. आणि संडासातून रक्त, सारखी जावंसं वाटणं, पोट साफ न झाल्याची भावना, सवय बदलणं, हे दोन-तीन आठवडे राहिलं तर पुडी नको, बोटानं तपासणारा डॉक्टर हवा. लाजायचं कारण नाही. डिकन्स लाजला नाही.

राहिला पैशाचा प्रश्न. ब्रेक सोडवणारी औषधं पूर्ण मात्रेत घेतली तर एकेका डोसला लाखाच्या घरात जातात, आणि असे अनेक डोस. लेव्हामिसोलचीच गोष्ट, फक्त शून्यं वाढली. यावर टाटामधल्या डॉ. विजय पाटील, डॉ. कुमार प्रभाश आणि सहकाऱ्यांनी एक धाडसी चाचणी केली. तोंडा-घशाच्या कॅन्सरच्या १५१ पेशंटमधल्या निम्म्यांना नेहमीच्या स्वस्त गोळ्यांबरोबर निव्होलुमॅब दिलं, पण फक्त २० मिलिग्रॅम, म्हणजे पूर्ण मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. वर्षभरानं नुसत्या गोळ्यांवर १६ टक्के जिवंत होते, औषध जोडलेल्यांत ४३ टक्के. ही चाचणी २०२२ मध्ये छापून आली, कुठल्याही औषध कंपनीला असली चाचणी करण्यात रस नसतो. गुदाशयाच्या कॅन्सरसाठी अशी कमी मात्रा पुरेल का, याची तशीच मोठी चाचणी व्हायला हवी. ती न्यूयॉर्कमध्ये होणार नाही. परळला, पुण्याला होऊ शकते. निव्होलुमॅबच्या भारतातल्या पेटंटची मुदत मे २०२६ पर्यंतची होती, आणि ते बनवायची तयारी आपल्याकडच्या कंपन्यांनी आधीपासून चालवली होती.